सान्ता रुफिनाचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. नात्याने तुमच्याकडच्या ढोलांचा लांबचा भाऊबंद. माझे घर मात्र सातासमुद्रापलीकडे, चिली देशातल्या अटाकामा वाळवंटात आहे. तिथे काही माणसांचा सबंध जन्म जातो, पण पाऊस दृष्टीस पडत नाही. अशा कोरड्या हवेत ढोलाचा आवाज फार दूर जातो, कारण वाटेत त्याला अडवायला एक झुडूपही नसते. माझा आवाज ज्यांनी ऐकला, ती सगळी तांब्याच्या खाणीवर पोट भरणारी माणसे होती. त्यांचे गाव माझ्या डोळ्यांदेखत वसले आणि माझ्या डोळ्यांदेखतच उठले. ते कसे, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

मला घडवले निकानोर कोल्के नावाच्या म्हाताऱ्याने. डोंगरातून उतरणाऱ्या एका ओढ्याकाठी त्याचे खेडे होते. तिथल्या काटेरी झाडाचे लाकूड त्याने भिजवून, वाकवून माझा घेर केला. एका बाजूला बकरीचे कातडे ताणले आणि दुसऱ्या बाजूला लामा या तिथल्या लोकरीच्या जनावराचे. बकरीचे पान कडक वाजे. ते नाचासाठी. लामाचे पान जाड आणि घुमणारे. ते प्रेतयात्रेसाठी. चामड्याच्या दोऱ्या आवळून झाल्यावर निकानोरने माझ्या पोटाला कान लावला आणि समाधानाने मान हलवली. त्या दिवसासारखे कौतुक मला पुढे क्वचितच मिळाले.

त्याच खेड्यात बासिलियो साइरे नावाचा एक धिप्पाड तरुण होता. त्याच्या घरचे मक्याचे शेत होते. पण वर डोंगरात तांब्याची खाण निघाली आणि खाणीने ओढ्याचे पाणी नळात घालून वर नेले. शेत वाळले. मग पाण्यामागोमाग खेड्यातली माणसेही वर जाऊ लागली. बासिलियो निरोप घ्यायला आला, तेव्हा निकानोरने मला त्याच्या गळ्यात अडकवले.

"जाऊ नको असं मी म्हणणार नाही," म्हातारा म्हणाला. "पाणी गेलं तिथं माणूस जाणारच. पण तिथं यंत्रं फार बोंबलतात म्हणे. त्यात आपला म्हणून एक आवाज असू दे."

अशा रीतीने मी सान्ता रुफिनाला आलो.

तेव्हा ते गाव कसले, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला तांबे वितळवायची भट्टी, आणि मधून धुळीचा रस्ता. पण तांब्याला जगभर मागणी आली आणि गाव बघता बघता वाढले. रांगांच्या आळ्या झाल्या, आळ्यांचे मोहल्ले झाले. शाळा आली. लाल गाद्यांच्या खुर्च्यांचे चित्रपटगृह आले. दवाखाना तर असा बांधला की खाली बंदरातले श्रीमंत लोकही तिथे उपचाराला येत. चौकात मिरीसारखी फळे येणाऱ्या झाडाची चार रोपे लावली होती. बायका भांडी धुतलेले पाणी नाल्यात न टाकता त्यांच्या मुळाशी नेऊन ओतत. वाळवंटात झाड वाढवणे म्हणजे पोर वाढवण्यासारखेच असते.

प्रत्येक नव्या इमारतीचे दार उघडताना कामगारांचा वाद्यवृंद वाजे, आणि त्या वृंदाचा कणा मी होतो. ही बढाई नाही. कर्ण्याचा सूर चुकला तर लोक हसत, पण ढोल चुकला तर सगळ्यांचे पाय चुकत. फुटबॉलचा सामना असो, लग्न असो, जिचे नाव गावाला दिले त्या संत रुफिनाच्या मूर्तीची वार्षिक मिरवणूक असो, बासिलियो मला छातीवर बांधून सगळ्यांत पुढे चाले. त्याच्या शेजारी कर्णा घेऊन असे कासियानो. भट्टीवर काम करणारा, काठीसारखा सडपातळ आणि जिभेने तिखट. पुढे बासिलियोला मुलगी झाली, तेव्हा कासियानो तिचा धर्मपिता, म्हणजे चर्चमध्ये मानलेला बाप, झाला. तेव्हापासून ते दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. तुमच्याकडे व्याही म्हणतात ना, तसेच ते नाते, फक्त त्यात रुसवेफुगवे कमी.

बासिलियोची बायको एर्मिनिया दवाखान्याच्या धुलाईघरात काम करी. ठेंगणी, ताठ मानेची, आणि कुणाचीही भीड न ठेवणारी बाई. दुपार झाली की वारा भट्टीचा पिवळट धूर गावावर आणून टाकी. जिभेवर जुन्या नाण्यासारखी चव येई. दोरीवरच्या चादरींना बारीक भोके पडत.

"आपल्या गावात कपडे वाळत घातले की उन्हाआधी धूरच त्यांना चाखतो," एर्मिनिया म्हणे. "कपड्यांचं हे होतं, तर आतल्या माणसांचं काय होत असेल?"

तिला तसे विचारायचा अधिकार होता. मुलीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, आन्सेल्मो. तो पुरते एक वर्षही जगला नाही. त्या हिवाळ्यात खोकल्याची साथ आली आणि गावातली कितीतरी लेकरे गेली. गावाबाहेरच्या दफनभूमीत मुलांसाठी वेगळा कोपरा होता. तिथे प्रत्येक कबरीभोवती पांढऱ्या लाकडी पट्ट्यांचा कठडा करीत, पाळण्याला असतो तसा. वाळवंटात फुले कुठून येणार? डब्यांचे पत्रे कापून बायका फुले करीत आणि कठड्याला तारेने बांधत. वारा सुटला की ती पत्र्याची फुले किणकिणत. आन्सेल्मोला नेताना बासिलियोने मला टिपरूने वाजवलेच नाही. लामाच्या पानावर त्याने नुसता तळहात मारला, पावलागणिक एकदा. एवढा मंद मी त्याआधी कधी वाजलो नव्हतो.

मग मुलगी झाली. तिचे नाव ओदिल्या. ती रांगत माझ्यापर्यंत येई आणि माझ्या घेराला धरून उभी राहायला शिकली.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला जड जाते. बासिलियोच्या छातीत काहीतरी बिघडले आहे, हे त्याच्या बायकोच्याही आधी मला कळले. ढोल छातीवर बांधलेला असतो. माणसाचा श्वास एका पानावर पडतो आणि टिपरू दुसऱ्यावर. वर्षानुवर्षे ते दोन्ही एका लयीत चालत होते. मग श्वास मागे पडू लागला. खाणीत सुरुंग उडाला की उठणारी बारीक धूळ पाळीमागून पाळी त्याच्या छातीत जाऊन बसली होती. कंपनीच्या डॉक्टरने नळी लावून पाहिले आणि सांगितले, "सिगरेट कमी करा."

बासिलियोने हे कासियानोला सांगितले, तेव्हा तो पोट धरून हसला.

"कोंपाद्रे, तू तर जन्मात सिगरेट ओढली नाहीस. मग ओढत होतं कोण? तुझा ढोल?"

हसता हसता त्यालाच खोकला लागला.

कामगारांनी तोंडाला लावायच्या चांगल्या जाळ्या मागितल्या, दगडावर पाणी मारून धूळ बसवा म्हणाले. कंपनी ऐकेना. मग संप झाला. त्या दिवसांत मी सकाळपासून कचेरीपुढे वाजत असे. मिरवणुकीत वाजायचो तसाच, पण नाचणारे कुणी नव्हते. शेवटी जाळ्या मिळाल्या. त्या साध्या कापडाच्या होत्या. पाण्याबद्दल सांगण्यात आले की वाळवंटात ते असे उधळता येत नाही.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत, चर्चपासून चौकापर्यंतच्या चढावर, बासिलियो थांबला. ओठ निळे पडलेले. हात वर उचललेला, पण खाली येईना. मागचे सगळे थांबले. मूर्ती वाहणारेही थांबले. तेवढ्यात ओदिल्या गर्दीतून पुढे आली. तेव्हा ती धुलाईघरात आईच्या हाताखाली नुकती लागली होती. तिने बापाच्या गळ्यातून माझा पट्टा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"अगं, बाईमाणसानं ढोल वाजवायचा?" मागून कुणीतरी म्हणाले. "मूर्तीपुढे? शोभतं का?"

"मग तू वाजव," एर्मिनिया रस्त्याच्या कडेने ओरडली. "नाही ना जमत? मग तोंड मिट आणि पाय उचल. मूर्तीसुद्धा बाईचीच आहे!"

लोक हसले. ओदिल्याने टिपरू मारले. पहिले काही ठोके घाईचे होते, मग जमले. लहानपणापासून ती मला धरून उभी राहिलेली, माझी लय तिच्या पायांना ठाऊक होती. बासिलियो रस्त्याकडेच्या दगडावर बसून ऐकत राहिला. तो हसत होता. मला तो हसलेला फार दिवसांनी दिसला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. जाण्याआधी त्याने एवढेच मागितले, "मला पोराच्या जवळ ठेवा." पण मुलांचा कोपरा मुलांसाठी होता. म्हणून त्याला मोठ्यांच्या बाजूला, पण मुलांच्या कोपऱ्याकडच्या अगदी कुंपणालगत पुरले. बापाची कबर आणि मुलाचा पाळणा यांच्यामध्ये एक पायवाट काय ती उरली.

त्यानंतरही गाव काही वर्षे जोरात होते. खाणीचा खड्डा एवढा मोठा झाला की तळातली यंत्रे वरून मुंग्यांसारखी दिसत. पण खड्डा वाढतो तेव्हा त्यातून निघालेला दगडही वाढतो, हे कुणी लक्षात घेतले नव्हते. तांबे होते चिमूटभर, बाकी सगळा टाकाऊ मुरूम. त्याचा डोंगर गावाच्या पाठीशी उभा राहिला. दर वर्षी तो थोडा जवळ येई. सुरुवातीला मुले त्यावर घसरगुंडी खेळत. मग डोंगराची सावली शाळेच्या पटांगणात पडू लागली, आणि मुलांना तिकडे जायला बंदी झाली.

एक दिवस कंपनीने सगळ्यांना चित्रपटगृहात बोलावले. गावातली हवा आरोग्याला वाईट आहे, असे साहेबांनी सांगितले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. हेच ओरडून ओरडून आम्ही थकलो होतो! तर म्हणून, साहेब म्हणाले, गाव रिकामे करायचे. खाली शहरात सगळ्यांना नवी घरे मिळतील. घरात नळ, घरात संडास, मागे छोटीशी बाग. गावाच्या जागेवर मुरूम टाकला जाईल.

कुणी आनंदले, कुणी रडले. कित्येकांनी दोन्ही केले, आणि त्यांची मला अजिबात चूक वाटत नाही. ज्या गावाने माणसाची छाती पोखरली, त्याच गावात त्याची लेकरे चालायला शिकलेली असतात.

आळीमागून आळी रिकामी झाली. लोकांनी दारे खिडक्या उचकटून नेल्या. एर्मिनियाने चुलीची लोखंडी जाळी नेली. शेवटच्या दिवशी वाद्यवृंद चौकात जमला. निम्मी माणसे आधीच गेली होती. कासियानोने कर्णा ओठांना लावला, पण छातीत वारा भरेना. म्हणून त्या दिवशी सूर नव्हताच, फक्त ठेका होता. मी एकटा वाजलो आणि लोक गाड्यांत चढले. चौकातल्या झाडांना त्या दिवशी सकाळी कुणीतरी भरपूर पाणी घालून ठेवले होते.

शहरातले दिवस मला धड आठवत नाहीत. कारण तिथे मला कुणी वाजवले नाही. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या. ओदिल्याने एका रविवारी दोन ठोके मारले, तर शेजारच्या बाईने दार ठोठावले, "अहो, आमचं बाळ निजलंय." मग मी कपाटावर गेलो, तिथून मागच्या छपराच्या खोलीत. माझ्या शेजारी रंगाचे डबे, मोडकी सायकल आणि ती चुलीची जाळी. ओदिल्या शहरातल्या एका खानावळीत राबू लागली. संध्याकाळी आई आणि ती पाव-चहा घेत गावाच्या गोष्टी काढत, तेव्हा भिंतीपलीकडून मला ऐकू येई. न वाजणाऱ्या ढोलाचे कातडे आक्रसते. बकरीच्या पानाला कडेने चीर गेली. त्याचे दुःख मी कुणाला सांगणार?

वर्षातून एकदा, मृतांच्या दिवशी, कंपनी जुन्या गावकऱ्यांना दफनभूमीपर्यंत जाऊ देई. गावाभोवती आता तारेचे कुंपण आणि फाटक होते. लोक पत्र्याची नवी फुले नेत, कठडे रंगवत, कबरीजवळ बसून जेवत. दर वर्षी येऊन सांगत: आता दवाखाना गेला. आता शाळा गेली. आता चर्चचा मनोरा तेवढा मुरुमाच्या वर दिसतो. पुढच्या वर्षी मनोराही दिसेनासा झाला.

मग एका वर्षी फाटकावरच्या पहारेकऱ्याने एर्मिनियाला हळूच सांगितले, "आजी, पोराला जे सांगायचं ते यंदाच सांगून घ्या. तो कोपरा जाणार."

ओदिल्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या कचेरीत गेली. तिथे तिला सांगण्यात आले की ज्यांना आपल्या लेकरांचे अवशेष न्यायचे आहेत त्यांनी हिवाळा संपण्याआधी न्यावेत, आणि उरलेल्या कबरी 'सन्मानपूर्वक झाकण्यात येतील'.

"मुरुमानं?" हे ऐकून कासियानो म्हणाला. तो आता दारापर्यंत चालला तरी धापा टाके. "वा! सन्मान करायला ट्रक लागतो, हे आम्हां अडाण्यांना माहीतच नव्हतं."

लोक तयारी करू लागले. पण कोण कुठे, कोण कुठे पांगलेले. काही उत्तरेला गेलेले, काहींचा पत्ताच नाही. आणि हिवाळा अर्धाही सरला नसेल, तोच बातमी आली की डंपर त्या कोपऱ्याकडे निघाले आहेत. दिलेली मुदत कुठल्यातरी साहेबाने बदलली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळले नाही.

त्या सकाळी छपराचे दार उघडले. ओदिल्याने मला बाहेर काढले, धूळ झटकली, कातड्याला चरबी चोळली, दोऱ्या आवळल्या. तिच्या केसांत पांढरे धागे आले होते. हात मात्र तेच.

"ढोल कशाला घेतेस?" एर्मिनियाने विचारले.

"ते डंपर घरापेक्षा उंच असतात, आई. चालकाला खाली उभं माणूस दिसत नाही. निदान ऐकू तरी जाईल."

एका जुन्या मालवाहू टेम्पोतून जेवढे जमले तेवढे लोक निघाले. फाटकावर तोच पहारेकरी होता. त्याने आम्हांला पाहिले, आणि लघवीला जातो म्हणून फाटक उघडे टाकून निघून गेला.

मुरुमाची कड त्या पांढऱ्या कठड्यांच्या अगदी जवळ आली होती. वरून दगड घरंगळत होते. काही कठडे त्याखाली मोडलेही होते. लोक त्या कडेखाली ओळीने उभे राहिले, आणि ओदिल्याने लामाच्या पानावर ठोका मारला. प्रेतयात्रेचा, पावलागणिक एक. इतक्या वर्षांनी माझा आवाज फुटला तो असा. वर, डंपरना दिशा दाखवणारा माणूस कडेपाशी आला. खाली वाकून त्याने पाहिले, आणि हातातले लाल निशाण उंच धरले. यंत्रे एकामागून एक थांबली. आजवर मी पुष्कळांना नाचवले होते, पण यंत्रांना कधी थांबवले नव्हते.

थोड्या वेळाने गाडीतून एक अभियंता उतरला. पांढरे शिरस्त्राण, नम्र बोलणे. नाव बेल्त्रान.

"बाई, इथं उभं राहणं धोक्याचं आहे," तो ओदिल्याला म्हणाला. "मला तुमच्या भावना कळतात. मी परका नाही. माझा जन्म याच गावातल्या दवाखान्यात झालाय."

एर्मिनिया पुढे सरकली. तिने मान वर करून त्याचा चेहरा नीट निरखला.

"बेल्त्रानांचा का तू? तो हिशेबनीस बेल्त्रान, टकल्या, त्याचा?"

"हो."

"तुझी दुपटी मी धुतलीत. साहेब झालास, चांगलं झालं. पण तुझ्या शेजारच्या खाटेवर माझं पोर होतं. तू जगलास, ते नाही जगलं. आता त्याच्या अंगावर दगड टाकू नकोस, बाबा."

बेल्त्रानने शिरस्त्राण काढले. मग तो बिनतारी यंत्रावरून कुणाशी तरी बोलला. पलीकडून कुणीतरी रागाने बोलत होते, हे सगळ्यांना ऐकू आले. शेवटी तो म्हणाला, "मुलांचा कोपरा वाचवणं माझ्या हातात नाही. पण तुमचं काम होईपर्यंत एकही डंपर हलणार नाही. आणि मी इथं आहे तोवर मोठ्यांच्या बाजूला खडाही पडणार नाही."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" ओदिल्याने विचारले.

त्याने शिरस्त्राण पुन्हा डोक्यावर चढवले. निदान त्याने खोटे तरी सांगितले नाही.

खोदायला सुरुवात झाली. आन्सेल्मोची पेटी एर्मिनियाने स्वतः उघडली, कुणाला हात लावू दिला नाही. मित्रांनो, आमचे वाळवंट फार कठोर आहे, पण ते काही कुजू देत नाही. पेटीत पिवळ्या लोकरीची एक विणलेली टोपी होती. काल विणली असावी इतकी पिवळी. एर्मिनियाने ती बोटांनी हळूच झटकली.

"बघ," ती ओदिल्याला म्हणाली, "रंगसुद्धा उडाला नाही. आई तेवढी म्हातारी झाली."

ओदिल्याच्या मनात त्याला शहरात न्यायचे होते. तिथल्या दफनभूमीत बसने जाता येते, झाडे आहेत, दगड पडायची भीती नाही. एर्मिनिया ऐकेना.

"त्याच्या बापानं काय मागितलं होतं? जवळ ठेवा म्हणाला. इतकी वर्षं मधे ती पायवाट होती. आता कुठं संधी आलीय, तर तू दोघांच्या मधे एक शहर घालतेस?"

"पण आई, उद्या ही बाजूही गेली तर?"

"गेली तर दोघं मिळून जातील."

तसेच झाले. बासिलियोची कबर उघडून त्याच्या छातीशी ती लहानशी पेटी ठेवण्यात आली. असे करायला परवानगी लागते म्हणे. बेल्त्रान त्या वेळी पाठ फिरवून डोंगराकडे पाहत उभा होता.

ज्यांचे कुणीच आले नव्हते, अशा कबरी पुष्कळ उरल्या. काहींवरची नावे उन्हाने पुसलेली. लोकांनी उचलता येतील तेवढी उचलली, पण सगळी कशी उचलणार? शेवटच्या संध्याकाळी ओदिल्या मला घेऊन त्या उरलेल्या कठड्यांमधून फिरली. प्रत्येकापाशी थांबून एक ठोका. कासियानो मागून चालत, नाव वाचता आले तर मोठ्याने वाचे. नाही आले, तर "आमचंच" म्हणे. फिरता फिरता लामाचे पान मधोमध फाटले. ओदिल्याने मला उलटे केले आणि चीर गेलेल्या बकरीच्या पानावर उरलेले ठोके दिले. दुसऱ्या दिवशी डंपर सुरू झाले.

बेल्त्रानने शब्द पाळला. पण दोन-तीन वर्षांत त्याची बदली झाली. एर्मिनियाही गेली. तिला नवऱ्याजवळ, पोराजवळ झोपायचे होते, पण बंद गावात नवे दफन होत नाही. मेलेल्यांना भेटायला जायची परवानगी होती, मरून जायची नव्हती. ती शहरात आहे, झाडाखाली, एकटी.

आता मुरुमाची कड मोठ्यांच्या बाजूच्या कुंपणाला टेकली आहे. नव्या साहेबांना विचारले की ते म्हणतात, तसा काही विचार नाही. मृतांच्या दिवशी येणाऱ्यांची गर्दी मात्र दर वर्षी ओसरते. म्हातारे थकले. तरुणांना ते गाव माहीत नाही. गेल्या वर्षी कंपनीने नवा नियम काढला, की एकट्यादुकट्याला आत सोडायचे नाही, निदान तिघे हवेत. लोकांच्या सुरक्षेसाठी!

त्या दिवशी फाटकापाशी फक्त ओदिल्या आणि कासियानो होते. कासियानोच्या नाकात प्राणवायूची नळी, हातात ढकलगाडी आणि तिच्यावर नळकांडे. पहारेकरी नवा होता.

"किती जण?" त्याने विचारले.

"तिघं," ओदिल्या म्हणाली.

"मला दोघंच दिसतात. तिसरा कोण?"

ओदिल्याने मला पाठीवरून पुढे घेतले. पहारेकऱ्याने माझ्या फाटक्या पानाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"बाई, हा ढोल आहे."

"मग?" कासियानो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या साहेबांपेक्षा जास्त वर्षं इथं राहिलाय तो. आणि आमच्या दोघांपेक्षा तब्येतीनं बरा आहे."

पहारेकऱ्याने कडी काढली. मग त्याने फाटक उघडले. या वर्षी तो उघडील की नाही, मला माहीत नाही. कासियानो येऊ शकेल की नाही, तेही माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे एक शब्द आहे, वहिवाट. माणसे चालत राहतात तोवर वाट राहते. त्यांनी येणे सोडले की ती मोडते, आणि मोडलेल्या वाटेवर कुणीही दगड टाकतो. सान्ता रुफिना मुरुमाखाली गेले, तेव्हा आधी तिथली माणसे गेली होती आणि मग मुरूम आला. म्हणून माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे. तुमच्या दिव्याच्या बटणामागे, तारेच्या आत तांबे आहे. ते कुणाच्या तरी गावातून आले आहे, हे विसरू नका. आणि तुम्ही मागे सोडलेले एखादे गाव असेल, एखादे घर, एखादी कबर किंवा म्हातारे माणूस असेल, तर तिथे जाणे सोडू नका. वर्षातून एकदा का होईना, जा. जाताना एकटे जाऊ नका. कुणालातरी सोबत न्या, कारण फाटक उघडायला तिघे तरी लागतात.